पान पंच्याण्णव

खुनी कोण हे ज्या पानावर छापलेलं होतं, ते पान मी चाटून खाल्लं.

तेव्हा मी नववीत होतो, म्हणजे कागद चाटायचं वय उलटून बरीच वर्षं झाली होती. भूक म्हणावी, तर नुकत्याच दोन भाकरी पोटात गेल्या होत्या. त्या पानाची वाट आमचा सबंध वर्ग महिनाभर बघत होता, आणि वर्गापेक्षा जास्त आमचे मराठीचे सर. खरं तर मी सरांबद्दल लिहायला बसलोय. पण पहिल्या ओळीत मीच येऊन बसलो. आमच्या घरात पंगतीलाही मी असाच बसायचो.

सर कोळवण खोऱ्यातलेच. शाळेपासून दोन वाड्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. रोज सायकल घेऊन यायचे. सायकलवरून यायचे असं म्हणत नाही, कारण रस्त्यात अक्षर असलेला कागद दिसला की ते उतरायचे, तो उचलायचे, झटकायचे आणि वाचत वाचत सायकल हातानं ढकलत यायचे. वाऱ्याच्या दिवसांत त्यांना शाळेत यायला हमखास उशीर व्हायचा. एकदा समोरून आलेल्या ट्रकच्या मागचा मजकूर अर्धाच वाचून झाला, म्हणून ते सायकल वळवून त्याच्यामागं पौडच्या दिशेनं गेले होते. पहिला तास तसाच गेला. आल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, तर म्हणाले, ट्रक चढावर लागला तेव्हा वाचून झालं.

लग्नाची पत्रिका ते गणपतीच्या चित्रापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायचे. औषधाची गोळी घेण्याआधी सोबतची चिठ्ठी संपवायचे. तोवर बऱ्याचदा डोकं दुखायचं थांबलेलं असायचं.

आणि त्यांचा तो प्रश्न. कुणी काहीही सांगितलं की सर विचारायचे, "पुढं काय झालं?" आमच्या चुलत्यांचा बैल मेला. सर भेटायला आले, ओट्यावर टेकले. चुलत्यांनी सगळं सांगितलं. बैल कसा बसला, वैरण कशी सोडली, डॉक्टर कसा आला नाही, आणि बैल कसा गेला. सर पुढं वाकून म्हणाले, "मग? पुढं काय झालं?" चुलते म्हणाले, "पुढं काय व्हायचं सर, मेला की."

आम्ही त्यांना पाठीमागं 'पुढंकाय सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. नाव वाचता येण्यासारखं आहे, एवढंच त्यावर त्यांचं मत होतं.

धडा शिकवताना सर पुस्तकी मराठी बोलायचे. शनिवारच्या शेवटच्या तासाला मात्र घरचं बोलायचे, कारण तो तास त्यांचा स्वतःचा होता. त्या तासाला ज्यानं त्यानं आपापलं वाचायचं. काय वाचायचं ते सर सांगायचे नाहीत, शाळा सांगायची नाही, आईबापांनीही सांगायचं नाही. नियम दोनच. निवडायचं आपलं आपण, आणि निवडलं की शेवटपर्यंत वाचायचं. मधेच कंटाळा आला म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, की सर म्हणायचे, "मी निवडलं व्हतं का? तूच निवडलंस न्हवं? मग निस्तर आता."

शाळेच्या कपाटात पुस्तकं होती. पण किल्ली हरवलेली होती, आणि हेडमास्तरांच्या मते पुस्तकं त्यामुळंच टिकली होती. म्हणून पोरं घरातून मिळेल ते आणायची. दत्तू नावाचा आमचा एक आडदांड वर्गबंधू होता. त्यानं पहिल्याच शनिवारी युरियाची रिकामी गोणी आणली, बाकावर पसरली आणि तिच्यावर बोट ठेवून वाचू लागला. वासानं वर्गाच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानंतर सरांनी त्याला उभं करून विचारलं, काय वाचलंस? दत्तू म्हणाला, हूक मारून उचलू नये असं लिहिलंय, आणि आमच्यात समदी हुकानंच उचलत्यात. सर खूश झाले. सबंध वर्गाला सांगितलं, बघा, ह्याला म्हणतात वाचणं.

कमल नावाची एक मुलगी होती, चष्मा नसून चष्मा असल्यासारखं बघणारी. तिनं पाण्याच्या इंजिनाबरोबर आलेली माहितीची वही निवडली आणि महिन्याभरात वडिलांना इंजिन उघडायला लावलं. ते सुरू झालं, ही गोष्ट तिचे वडील बरेच दिवस कुणाला सांगत नव्हते.

मी कॅलेंडरची मागची बाजू निवडली होती. पातळ होतं म्हणून.

एकदा मी सरांना विचारलं, तुम्ही आम्हाला नेमून का देत नाही? ते सायकलची साखळी बसवत होते. म्हणाले, "माझा बाप रस्त्याच्या कामावर व्हता. मैलाच्या दगडावरची अक्षरं रंगवायचा. माझं पहिलं पुस्तक त्येच. एका दगडावर पौड, मग पिरंगुट, मग पुणं. एक पान वाचलं की मैलभर चालायचं, तवा दुसरं. पण दगड रस्त्यावर व्हता. हे वाच, त्याला शिवू नकोस, असं म्हणायला तितं कुणी उभं न्हवतं." मग हाताला लागलेलं साखळीचं तेल पुसून म्हणाले, "पुढं काय झालं म्हणून इचार की." मी विचारलं. म्हणाले, "पुण्याला पोचलो. बी.ए. झालो."

आता त्या पानाकडं येतो.

गावात अमीनचाचांचं किराणा दुकान होतं. पुण्याहून रद्दीचे गठ्ठे एस.टी.च्या टपावरून यायचे. चाचा ते फाडून सगळे कागद तारेला अडकवायचे आणि त्यात जिरं, मोहरी, हळद, तपकीर बांधून द्यायचे. पुडीला वर्तमानपत्र मोठं पडतं. लहान पुस्तकाचं पान नेमकं बसतं. एका शनिवारी कमलनं वहीऐवजी असंच एक पान आणलं. ते एका रहस्यकथेचं होतं. लोणावळ्याच्या बंगल्यात एका शेठजीला कुणीतरी दोरानं गळा आवळून मारलेलं, आणि पान संपता संपता पोलिसाला पलंगाखाली एक चप्पल सापडते. कमलनं ते उभं राहून वाचलं आणि खाली बसली.

सर म्हणाले, "पुढं काय झालं?"

कमल म्हणाली, "सर, पुडी संपली."

सरांनी तास सोडला आणि सायकल काढली. त्या दिवशी ती ते चालवत गेले. पण चाचांच्या तारेला त्या पुस्तकाची सातच पानं उरली होती. बाकीचं पुस्तक गावभर स्वयंपाकघरांत गेलं होतं, कुठं मोहरीभोवती, कुठं हिंगाभोवती. तुम्ही पुस्तक फाडलंतच कसं, असं सर चाचांना म्हणाले. चाचा म्हणाले, "सर, मला जवळचं दिसत न्हाई. मला समदी रद्दी सारखीच."

पुढच्या सोमवारपासून आमचा वर्ग गावात शोधायला सुटला. प्रत्येकानं आपापल्या घरचे डबे, फडताळं, शिंकी तपासायची. पानं येऊ लागली. पान सात हळदीनं इतकं पिवळं, की ते उन्हाकडं धरून वाचावं लागे. पान एकवीस तपकिरीचं होतं. ते वाचताना खुनाच्या वर्णनाच्या ऐन भरात सगळा वर्ग शिंकायचा. सरांनी गोणीच्या सुतळीनं ती पानं क्रमानं ओवली. ज्यांनी वर्षात धड्याचं पुस्तक उघडलं नव्हतं, ती पोरं पानांचे आकडे पाठ म्हणायची. माळी, भाचा, डॉक्टर आणि स्वयंपाकीण असे चार संशयित होते. दत्तूचा भाच्यावर राग होता, कारण दत्तूला स्वतःला एक भाचा होता.

तीन-चार आठवड्यांत पान चौऱ्याण्णवपर्यंत सगळं जमलं. ते पान कमलच्या शेजारणीच्या ओव्याच्या पुडीतून निघालं, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत इन्स्पेक्टर सगळ्यांना एका खोलीत गोळा करून म्हणतो की खुनी इथंच उभा आहे आणि त्याचं नाव आहे

एवढंच. पुढचं पान नव्हतं.

इकडं गावात वेगळंच पेटलं होतं. पोरांनी पुड्या सोडल्या होत्या, पण बांधल्या नव्हत्या. एकीच्या घरी मोहरी नाचणीत गेली, दुसरीच्या चहात ओवा. बायका शाळेत आल्या आणि हेडमास्तरांच्या टेबलावर त्यांनी डबे मांडले. हेडमास्तर भूमिती शिकवायचे. हसू हे त्यांच्या मते गृहीत धरता न येणारं विधान होतं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की शनिवारचा तास आता भूमितीला द्यायचा. सर भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, येत्या शनिवारी वर्गात येऊन बसा, पोरं काय वाचतात ते बघा, आणि मग न्या तास.

त्याच आठवड्यात बुधवारी मला पान पंच्याण्णव सापडलं.

आमच्या घरात. संक्रांतीसाठी आईनं गूळ आणून उंच फडताळात ठेवला होता, आणि त्याला हात लावला तर हात मोडीन असं अगोदरच सांगितलं होतं. ढेपेच्या मागं एक खडा वेगळा, एका छोट्या कागदात गुंडाळलेला दिसला. मी तो घेऊन भाताच्या कणगीमागं बसलो. तिथं उजेड कमी होता. खडा संपला. कागदाला पाक होऊन गूळ चिकटला होता, तो चाटला. ओला कागद गुळाबरोबर निघून येत होता, त्यालाही गोडी होती, म्हणून तोही खाल्ला. मग बोटांत उरलेला तुकडा उजेडात धरला. एका बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात होती. दुसऱ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, एक शब्द होता. समाप्त.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते आता कुणीही सांगेल. मी काय केलं ते सांगतो. सरळ सरांकडं गेलो आणि म्हणालो, "सर, शेवटचं पान गावलं. वाचलं. आणि मग म्हशीनं खाल्लं."

गुळाचं सांगितलं असतं तर आईपर्यंत गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं: वर्षभर कॅलेंडर वाचणाऱ्याला पहिल्यांदाच असं वाटत होतं, की आपल्याकडं काहीतरी आहे.

सरांचा चेहरा उजळला. तोंड उघडलं. तो प्रश्न ओठांवर आलेला मला दिसला, आणि त्यांनी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असणार. म्हणाले, "आत्ता नगं. माझ्या एकट्याच्या कानात सांगितलंस, तर ती वर्गाची चोरी हुईल. शनवारी सांग. हेडमास्तरबी असतील." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सगळं तुझ्यावर हाय बघ."

गुरुवारी आणि शुक्रवारी सर वेळेवर आले. रस्त्यावरचा एकही कागद त्यांनी उचलला नाही. मी रात्रंदिवस शेवट रचत होतो.

शनिवारी हेडमास्तर मागच्या बाकावर बसले. गुडघे बाकाला अडत होते. सरांनी मला पुढं बोलावलं. मी घसा साफ केला आणि सांगितलं की खुनी माळी. इन्स्पेक्टरनं नाव घेतलं, माळी रडला, शेठनं त्याच्या बापाची जमीन घेतली होती, म्हणून त्यानं दोरानं गळा आवळला. समाप्त. मी हा शब्द जरा जोरात म्हणालो, कारण तेवढाच खरा होता.

मला वाटलं टाळ्या पडतील. त्याऐवजी कमल उठली.

"सर, माळ्याचा उजवा हात प्लास्टरात हाय. पान एकेचाळीस."

दत्तू बसल्या जागेवरून म्हणाला, "आन् गाठ दोन हातांची व्हती. पान बारा. तसली गाठ एका हातानं बसत न्हाई. मी गोण्या शिवतो, मला ठावं हाय."

मी म्हणालो, प्लास्टर खोटं होतं.

"पान बेचाळीसला डाक्टर ते कापतो," कमल म्हणाली, "आत हात सुजलेला हाय."

सर माझ्याकडं बघत होते. अजूनही विश्वासानं. "पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माळ्याला जुळा भाऊ होता. त्यानं केलं.

आता तीन-चार जण एकदम बोलले, आणि कमलनं सुतळीची ती जुडी उघडून पान सात उन्हाकडं धरलं. त्यात माळ्याची आई पोलिसाला म्हणत होती की हा एकच आहे मला. मी म्हणालो, आई खोटं बोलते. दत्तू म्हणाला, आई कशाला खोटं बोलंल, तू बोलतोयस.

मागं बाक वाजला. हेडमास्तर उठले होते. ते फळ्याकडं आले, खडू घेतला आणि आम्ही घाबरलो. त्यांनी वर लिहिलं, 'समजा, माळी खुनी आहे.' त्याखाली पक्ष, साध्य, सिद्धता असे रकाने पाडले. कमलकडं वळून विचारलं, हाताचं कोणत्या पानावर? तिनं सांगितलं. त्यांनी लिहिलं. गाठ? दत्तूनं सांगितली, त्याला पुढं बोलावून त्यांनी स्वतःच्या उपरण्याला ती गाठ मारून दाखवायला लावली, मग एका हातानं मारायला लावली. बसली नाही. तेही लिहिलं. शेवटी खाली रेघ मारून लिहिलं, 'म्हणून माळी खुनी नाही.'

मग एक पायरी आणखी खाली उतरले. 'पान पंच्याण्णववर खरा खुनी छापलेला आहे. हा मुलगा खोटा खुनी सांगतो. म्हणून ह्या मुलानं पान पंच्याण्णव वाचलेलं नाही.' खडू ठेवला, हात झटकले आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "पान कुठं आहे?"

मी म्हणालो, "चाटलं."

"काय केलं?"

"गूळ होता सर."

वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गाचे मास्तर बघायला आले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, खुर्चीत बसले आणि काही वेळ त्या जुडीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "चाटताना एखादं अक्षर तरी दिसलं का रं? पहिलं? निदान काना, मात्रा?"

मी खिशातून तो कोपरा काढून दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. तेलाच्या जाहिरातीसकट.

हेडमास्तर दारापर्यंत गेले होते. तिथून म्हणाले की सोमवारपर्यंत प्रत्येकानं गावातल्या पुड्या पुन्हा बांधून द्यायच्या. सरांनी विचारलं, आणि तास? हेडमास्तर फळ्याकडं बघत उभे राहिले. वर्षभर आम्हाला शिकवूनही आमच्याकडून त्यांना एक सिद्धता मिळाली नव्हती. म्हणाले, "राहू दे तुमच्याकडंच." मग परत आत आले, सरांच्या पुढ्यातली जुडी उचलली आणि म्हणाले, सोमवारी परत देतो. कपाटाची किल्लीही त्या आठवड्यात सापडली. त्यांच्याच खिशात होती.

खुनी कोण हे कुणालाच कळलं नाही. सर जुडीच्या शेवटी कोरे कागद ओवायचे, आणि दर वर्षी नववीचा वर्ग तिथं आपापला शेवट लिहायचा. त्या शेवटांची जुडी मूळ पुस्तकापेक्षा जाड झाली. दत्तूच्या धाकट्या बहिणीनं शेठलाच खुनी ठरवलं होतं म्हणे, आणि ते सिद्धही केलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मी पुण्यात नोकरीला लागलो, आणि माझं एक कथांचं पुस्तक निघालं. पातळच होतं. सर निवृत्त व्हायला आले होते. मी ते घेऊन कोळवणला गेलो, पाया पडलो, पुस्तक हातात दिलं. ते त्यांनी उलटंपालटं केलं, मागच्या बाजूचं छापखान्याचं नाव वाचलं, आणि म्हणाले, "हे मी निवडलेलं न्हाई. पण आता घेतलंय, तर निस्तरतो. पंधरा दिवसांनी ये."

पंधरा दिवसांनी गेलो. सर ओट्यावर बसले होते, पुस्तक शेजारी होतं. काकूंनी चहा दिला. मी तो संपवला. शेवटी न राहवून विचारलं, "सर, वाचलं का?"

"वाचलं. शेवटपर्यंत."

"मग?" मी म्हणालो. "कसं वाटलं?"

सरांनी पुस्तक उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"गाढवा," ते म्हणाले, "शेवटचं पान चाटायचंच व्हतं, तर ह्याचं चाटायचंस."